डिस्चार्जनाना

दवाखान्यात अॅडमिट झालेल्या माणसाला भेटायला येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. काय झालं, कधीपासून होतं, आधी कुणाला दाखवलं होतं; आणि मग आपल्या ओळखीतल्या एकालाही अगदी असंच झालं होतं, ही माहिती. (त्या ओळखीतल्याचं पुढं काय झालं, हे विचारायचं नसतं.) आमचे नाना यातलं एक अक्षर विचारत नाहीत. पेशंटच्या हाताला सलाईन लागून तास झालेला नसतो, त्याची बायको पदराचं टोक डोळ्याला लावून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेली असते, आणि नाना दारात चपला काढता काढता सिस्टरला विचारतात, "डिस्चार्ज कधी म्हणायचा?"

नवख्या माणसाला हे फार लागतं. माणूस आत्ता कुठं आत आलाय आणि ह्यांना बाहेर काढायची घाई! जुनी माणसं मात्र त्या प्रश्नाची वाट बघत असतात. एकदा आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर एका जतकडच्या म्हातारीनं शेजारणीला सांगितलेलं मी कानांनी ऐकलंय, "नाना घरी न्यायचं इचारून गेलं. म्हंजी माणूस ऱ्हातोय बघ." नानांना त्यातलं वैद्यकीय काहीही कळत नव्हतं. पण म्हातारीनं त्यानंतर चहा घेतला.

वैद्यकीय काही कळून घ्यायची नानांना इच्छाही नसते. पेशंटला नेमकं झालं काय, हे त्यांना पुष्कळदा शेवटी डिस्चार्ज कार्ड वाचताना समजतं. "पित्ताशय होतं होय! मी आपलं अपेंडिक्स धरून चाललो होतो." ऑपरेशन कसलं, टाके किती, रक्त कुठल्या गटाचं, हे डॉक्टरांचं खातं. आत कसं आणलं हा नशिबाचा भाग. बाहेर कसं काढायचं, एवढंच नानांचं.

आता नाना असे का झाले, हे सांगायचं तर मिरज सांगावी लागेल. तारा जुळवणाऱ्या सतारमेकरांचं गाव म्हणून मिरज पुस्तकात असते. आमच्या पाहुण्यारावळ्यांच्या लेखी ती दवाखान्याची मिरज. विल्यम वॉनलेस नावाच्या मिशनरी डॉक्टरनं इथं १८९४ साली इस्पितळ उभारलं, पुढं १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि त्यांच्या आजूबाजूला गल्लीगल्लीत हाडाचे, डोळ्याचे, मुतखड्याचे दवाखाने दाटले. जत, कवठेमहांकाळ, सांगोला इकडचे तर झालेच, पण हद्दीपलीकडून अथणी-चिकोडीचे लोकही छातीत कळ आली की मिरजेची वाट धरतात. ज्याचं मिरजेत घर आहे त्याच्या नात्यातलं अख्ख्या पंचक्रोशीचं दुखणं त्याच्या दारात येतं.

नानांचं घर स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. पेशंट दवाखान्यात राही आणि त्याची माणसं नानांच्या सोप्यात. एका पेशंटमागं दोन पुरुष, तीन बायका आणि एक असं पोर, ज्याचं नातं शेवटपर्यंत कुणालाच लागत नसे. आंघोळीला बंब पेटे तो दुपारपर्यंत विझत नसे. नानी पहाटे पेज करायची, मग मुगाची खिचडी, मग पेशंटला नको म्हणून परत आलेली तीच खिचडी दुपारी सगळ्यांना. नानांनी एक साधं गणित मांडलं: पेशंट सुटल्याशिवाय सोपा सुटत नाही. तेव्हापासून त्यांनी डिस्चार्जचा अभ्यास घेतला. आज लोक त्यांना देवमाणूस म्हणतात. नानी ते ऐकते आणि काही न बोलता पातेलं घासत राहते.

अभ्यासाला पूर्वतयारीही होती. नाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सगळी हयात फलाटाकडं तोंड करून, खिडकीत बसून, लाऊडस्पीकरवर गाड्या सोडण्यात गेली. गाडी जागेवर उभी राहिलेली त्यांना बघवत नसे, मग ती रिकामी असो की भरलेली. निवृत्त झाल्यावर तीच नजर खाटांकडं वळली. ज्याला काही कारण नसताना आणखी एक रात्र दवाखान्यात काढावी लागते, त्या पेशंटला ते 'मुक्कामी गाडी' म्हणतात. बिलिंगला अडकलेली फाईल म्हणजे 'ब्रेकडाऊन'. आणि डॉक्टर सकाळी राउंडला येऊन "आज सोडू या" म्हणाले, तर त्याला ते 'घोषणा' म्हणतात.

"घोषणा झाली म्हणजे गाडी लागली असं नव्हे," हे नानांचं पहिलं सूत्र. सकाळी नवाला घोषणा होते. पेशंट साडेनवाला घरचे कपडे घालून, केस विंचरून खाटेच्या कडेला बसतो. घरून जीप निघते. डॉक्टर मात्र घोषणा करून ऑपरेशन थिएटरात गेलेले असतात, ते तिकडून आल्याशिवाय कार्डावर सही नाही. कार्ड लिहायचं आरएमओनं, म्हणजे निवासी डॉक्टरनं. त्या बिचाऱ्याकडं त्याच वेळी दोन नवे पेशंट येतात. मग फाईल खाली मेडिकलमध्ये, उरलेली औषधं परत करायला. तिथून लॅबची बाकी बघायला. मग बिलिंग. बिलिंगमध्ये व्हिजिटला आलेल्या डॉक्टरांच्या फेऱ्या मोजायच्या असतात, आणि डॉक्टर म्हणतात चार, वही म्हणते तीन. शिवाय हे सगळं एकट्या त्याचंच नव्हे. मजल्यावरच्या साऱ्यांना घोषणा एकाच राउंडला झालेली, म्हणून अकरापासून चारपर्यंत सगळ्यांच्या फायली एकाच खिडकीशी. आणि विमा असला तर हे सगळं झाल्यावर खरी सुरुवात.

या गोंधळात एक गोष्ट हटकून होते, ती नानांनी हेरली. स्वयंपाकघराच्या यादीत पेशंटच्या नावापुढं 'डिस्चार्ज' पडलेलं असतं, म्हणून दुपारचं ताट येत नाही. पेशंट साखरेचा असला, सकाळचं इन्सुलिन घेऊन बसलेला असला, तर दोनच्या सुमाराला त्याला दरदरून घाम फुटतो, आणि सोडायचा माणूस पुन्हा खाटेवर आडवा. म्हणून घोषणेच्या दिवशी नानांच्या हातात नानीचा डबा असतोच. त्या डब्यापुढं कुठल्याही सुटणाऱ्या पेशंटचं काही चालत नाही. "भूक न्हाई," असं कुणी म्हणालं की नाना म्हणतात, "भुकेचा विषय नाही. खा."

नानांची खरी कामगिरी मात्र आदल्या संध्याकाळची. सहाच्या सुमाराला आरएमओ चहाला बाहेर येतो, तेव्हा नाना टपरीवर हजर. "उद्या कुणाकुणाला सोडताय?" सुरुवातीला आरएमओ बुजायचे. आता त्यांना सवय झालीय. नवीन आलेल्या आरएमओला जुना जाताना वॉर्डाची माहिती देतो, त्यात नानाही येतात. कार्डाचा मसुदा आदल्या रात्रीच तयार व्हावा, उरलेली औषधं आदल्या रात्रीच परत जावीत, लॅबची बाकी तेव्हाच मिटावी, म्हणजे सकाळी फक्त शेवटची बेरीज राहते. एवढंच ते सांगतात, पण रोज सांगतात.

मसुदा हातात आला की नाना चष्मा वर करून, डोळ्यापासून चार बोटांवर धरून वाचतात. इंग्रजी त्यांचं जेमतेम. पण नाव, वय, तारखा आणि बाजू एवढं त्यांना पुरतं. नाव आधारकार्डावरच्यासारखं आहे का? अॅडमिट केव्हा, ऑपरेशन केव्हा? एकदा त्यांनी मसुदा वाचला, उठून पेशंटच्या खाटेपाशी गेले, पायावरची चादर उचलली, कागद बघितला, पुन्हा पाय बघितला.

"डॉक्टर, उजवा गुडघा बदललाय. कागदावर डावा आहे."

"टायपिंग मिस्टेक, नाना. सगळ्यांना माहीत आहे उजवा आहे ते."

"मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, गुडघ्याला माहीत आहे. विमेवाल्याला कोण सांगणार?"

विमेवाला म्हटला की नानांच्या अंगात वेगळंच वारं शिरतं. त्यांच्या शबनम पिशवीत प्लॅस्टिकच्या कव्हरात एक झेरॉक्स असते. विमा नियामक आयआरडीएआयनं मे २०२४ मध्ये काढलेलं परिपत्रक. कॅशलेस पेशंटला सोडायची विनंती दवाखान्याकडून पोचल्यापासून तीन तासांत विमा कंपनीनं अंतिम मंजुरी द्यायची. त्याहून उशीर झाला आणि त्यापायी दवाखान्यानं जादा पैसे लावले, तर ते कंपनीनं भरायचे, तेही भागधारकांच्या निधीतून. नानांना हे वाक्य पाठ आहे. भागधारकांचा निधी म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नाही, पण तो शब्द ते असा काही उच्चारतात की विम्याचं काम बघणाऱ्या टीपीएच्या खिडकीतला पोरगा खुर्चीत नीट बसतो.

"विनंती किती वाजता पाठवलीस?"

"पाठवली की, नाना. मघाशीच."

"मघाशी म्हणजे किती वाजता? वेळ सांग. मघाशी नावाची गाडी माझ्या वेळापत्रकात कधी नव्हती."

पोरगा संगणकात बघून वेळ सांगतो. नाना ती तळहातावर बॉलपेननं लिहितात आणि समोरच्या खुर्चीत बसतात. भांडत नाहीत, आवाज चढवत नाहीत, नुसतं अधूनमधून तळहात बघतात. ताप कोणत्या तारखेपासून होता अशी शंका विमेवाल्याकडून आली, की नाना पहिल्या दिवसाची चिठ्ठी काढून देतात. ती त्यांनी पहिल्याच दिवशी जपून ठेवलेली असते. हातमोजे, कापूस, असल्या वस्तूंचे पैसे बऱ्याचदा विम्यात बसत नाहीत, तेवढी रोकड बरोबर ठेवा, हे नातेवाइकांना त्यांनी कालच बजावलेलं असतं. ते ऐन वेळी कळलं तर मुलगा एटीएम शोधायला जातो आणि तासाभरानं येतो, कारण पहिलं एटीएम बंद असतं.

शिधापत्रिकेवरच्या पेशंटचा रस्ता निराळा. तिथं महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि तिचा आरोग्यमित्र. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ पासून फुल्यांच्या नावानं चालते. नानांचं या योजनेवर प्रेम आहे, आणि त्याचं कारण तिचा व्यापबिप नव्हे. पॅकेजात घरी परतायचं एकवेळचं भाडंही धरलेलं असतं, हे त्यांना एकदा कळलं, आणि त्या दिवशी ते घरी येऊन नानीला म्हणाले, "बघ! सरकारला सुचलं, माणूस बरा झाला की घरी जातो." सुटल्यानंतरच्या दहा दिवसांची औषधं आणि तपासणीही त्यातच येते. पण लोक गावी पोचतात आणि तिथल्या दुकानातून पदरच्या पैशानं गोळ्या आणतात. नाना आरोग्यमित्राला सोडत नाहीत. गोळ्यांची पिशवी हातात पडल्याशिवाय पेशंटला लिफ्टमध्ये पाऊल टाकू देत नाहीत.

इतकं वाचून कुणाला वाटेल, नानांना नुसती घाई. तसं असतं तर ते नुसते त्रासदायक गृहस्थ झाले असते. त्रासदायक ते आहेतच, पण उलट्या दिशेनंही आहेत. दवाखान्याच्या भाषेत 'डामा' नावाचा एक प्रकार असतो: डॉक्टर नको म्हणत असताना नातेवाईक सही करून पेशंट घेऊन जातात. त्या शब्दानं नानांचा चेहरा बदलतो. "ती गाडी सोडणं नव्हे, ती पळवणं."

मागं एकदा तासगावकडचे एक पाहुणे निमोनियानं आत होते. ताप अजून उतरलेला नव्हता, श्वास लागत होता, आणि गावाकडून फोन आला: उसाला तोड आली. ऊस लावलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. टोळी आज शिवारात आहे, उद्या दुसऱ्याच्या. आज नाही गेला तर ऊस वाळत उभा राहतो, वजन उतरतं, आणि पुन्हा पाळी कधी येईल ते कारखान्याला ठाऊक. पाहुणे उठून बसले आणि नाकातली ऑक्सिजनची नळी स्वतःच्या हातानं काढून म्हणाले, "नाना, तुमी माहीर हाय. आत्ताच्या आत्ता सोडवा मला."

नानांना एवढी कौतुकाची विनंती क्वचित होत असेल. पण त्यांनी आधी नळी परत नाकात घातली, मग फोन मागितला. डॉक्टरांना नव्हे, कारखान्याच्या, तोडीच्या पाळ्या बघणाऱ्या चिटबॉयला. एसटीतल्या एका जुन्या कंडक्टरचा तो भाचा निघाला (नानांचं सगळं राज्य असल्या भाच्यांवर चालतं). पुढचं बोलणं कॉरिडॉरमध्ये झालं आणि त्यात 'ऑक्सिजन' हा शब्द बराच वेळा आला. शेवटी पाहुण्यांच्या ऐवजी शेजारच्या बांधाची तोड आधी लागली आणि पाहुण्यांची चार दिवसांनी. एका डिस्चार्जसाठी अख्ख्या टोळीचं वेळापत्रक हलवलेलं मी दुसरीकडं कुठं ऐकलेलं नाही.

अमावास्या हा नानांचा आणखी एक शत्रू. अमावास्येला पेशंट घरी न्यायचा नाही, शनिवारी नको, आणि तिन्हीसांजेला तर मुळीच नको, हे सांगणारी एक आत्या प्रत्येक घरात असते. नाना देवभोळे नाहीत, पण आत्याशी वाद घालण्यात वेळ जातो हे त्यांना माहीत आहे. म्हणून पेशंट अॅडमिट झाल्या दिवशीच ते पाकिटातल्या कालनिर्णयच्या पानावर नजर टाकून ठेवतात आणि डॉक्टरांना म्हणतात, "बुधवारी अमावास्या आहे. मंगळवारी सुटत असला तर बघा, नाहीतर गुरुवारच धरा." एकदा डॉक्टरांनी ऐन बुधवारी सोडलं आणि आत्या अडून बसली. नाना शांतपणे म्हणाले, "राहू दे की. अमावास्येचं खोलीभाडं विमेवाला देत नाही, तेवढं तुम्ही भरा." आत्यानं थोडा विचार केला. मग तिला आठवलं, की अमावास्या दुपारी संपतेय. पंचांगात संपत होती की नव्हती, कुणी बघितलं नाही.

दवाखान्याच्या फाटकाशी रखवालदार गेटपास घेतो, तिथं नानांची शेवटची तपासणी. पेशंटला म्हणतात, "दोन्ही हात दाखवा." लोकांना वाटतं नाना भविष्य बघतात. ते बघतात सलाईनची सुई. गडबडीत व्हेनफ्लॉन हातातच राहून माणूस थेट गावी पोचल्याचे प्रकार होतात. मग तिथला कंपाउंडर हात लावायला घाबरतो आणि जीप परत मिरजेला. हात झाले की एक्स-रेची पाकिटं, मूळ बिलं, कार्ड. गाठ काढून तपासायला पाठवली असेल तर तो रिपोर्ट अजून यायचाय, कुणी आणि कधी आणायचा ते मुलाच्या फोनमध्ये त्यांच्यादेखत लिहून घ्यायचं. एवढं झालं की जीपच्या पत्र्यावर दोनदा थाप. डबल बेल.

पण गाडी सुटली म्हणजे पोचली असं नव्हे, हे दुसरं सूत्र. आणि मला विचाराल तर नानांची खरी किंमत इथं आहे. दवाखाना माणसाला दारापर्यंत सोडतो. दारापासून घरातल्या मोरीपर्यंतच्या अंतराबद्दल कार्डावर काहीच नसतं. जवळच्या गावाचा पेशंट असला तर नाना एक दिवस आधी मोजपट्टी घेऊन त्याच्या घरी जातात. चाकाची खुर्ची आत येईल का, हे दाराची चौकट मोजून ठरवतात. उंबरा किती उंच आहे ते बघतात. गुडघा किंवा खुबा बदललेल्या माणसाला उकिडवं बसता येत नाही आणि घरात संडास तर भारतीय. म्हणून कमोडची खुर्ची आदल्या दिवशीच भाड्यानं येऊन पडते. मोरीत धरायला पाइप. वाटेतली चटई, पोतं, पायपुसणं, सगळं गोळा करून माळ्यावर. एका घरी त्यांनी नव्या सुनेनं रुखवतात आणलेला गालिचा गुंडाळायला लावला. सून रडकुंडीला आली. नाना म्हणाले, "सासरे ह्याच्यावर घसरले तर रुखवत परत मिरजेला येईल."

घरी पोचल्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकायला नानांची हरकत नसते. फक्त पेशंटला उंबऱ्याबाहेर उभं ठेवून तो तुकडा शोधत बसू नये, भाकरी आधी तयार ठेवावी, एवढंच. तेही त्यांनी आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं असतं. मीठमोहरीसह.

मग परीक्षा. नाना सगळ्या घराला खाटेभोवती बसवतात आणि गोळ्यांची पिशवी उपडी करतात. कार्डावर इंग्रजीत १-०-१ लिहिलेलं असतं. नानांनी पाकिटावर आधीच मराठीत लिहून आणलेलं असतं: सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, जेवल्यावर. पण वाचून दाखवणं त्यांना मंजूर नाही. पाकीट उलटं करून ते विचारतात, "ही कशाची? कधी? किती दिवस?" सून बहुधा पास होते. मुलगा नापास होतो आणि म्हणतो, मी कामाला जातो, हे सगळं हीच बघणार. "ही माहेरी गेली तर?" नाना त्याला पुन्हा बसवतात. परीक्षेत शेवटचा प्रश्न कठीण: काय झालं तर फोन करायचा? ताप, टाक्यातून पाणी, श्वास, पायाला सूज, लघवी बंद. एवढं सगळ्यांकडून वदवून घेतल्याशिवाय नाना चहाला हात लावत नाहीत, आणि तोवर चहा गार होतो.

अशाच एका परीक्षेत घरातल्या शिंकाळ्यावरून जुन्या गोळ्यांचा डबा निघाला. आजी ब्लडप्रेशरची गोळी दहा वर्षं घेत होती. दवाखान्यानं नवी दिली होती. नावं वेगळी, रंग वेगळा. नानांनी दोन्ही स्ट्रिपा उलट्या करून खाली बारीक अक्षरातलं वाचलं: दोन्हीकडं एम्लोडिपिन. घरचे दोन्ही द्यायला निघाले होते, कारण जुनी आजीला 'मानवली' होती. नानांनी डॉक्टरांना फोन लावून विचारलं, कुठली ठेवायची. आजीला अजूनही वाटतं, नानांनी तिची चांगली गोळी पळवली.

अलीकडं दवाखानेही सुधारलेत. एका मोठ्या दवाखान्यात आता डिस्चार्ज बघायला खास नेमलेली एक मुलगी आहे, कोट घालून, गळ्यात कार्ड अडकवून, हातात टॅब. किती वेळात पेशंट सुटला याची तिथं नोंद ठेवतात, गुणवत्तेच्या प्रमाणपत्राला ती लागते. नानांना आधी वाटलं आपली पेन्शन आली. तिनं मोबाइलवर निरोप पाठवला, की आपली प्रक्रिया सुरू झाली आहे. नाना जिना चढून वर गेले तर फाईल चहाच्या ट्रेखाली. त्यांनी ट्रे उचलला, फाईल काढली, मुलीच्या हातात दिली आणि म्हणाले, "ही बघ तुझी प्रक्रिया." ती हसली, हे तिचं चांगलंच. आता दोघं आदल्या संध्याकाळी मिळून टपरीवर आरएमओला गाठतात. आरएमओ मात्र चहाला मागच्या दारानं जायला लागलेत.

खासगी दवाखान्यांना दर्शनी भागात रुग्णांच्या हक्कांची सनद लावावी लागते, २०२१ च्या दुरुस्त नियमांनी. एका ठिकाणी ती सनद प्लॅस्टिकच्या शोभेच्या झाडामागं होती. नाना रोज जाता-येता ते झाड वीतभर बाजूला सरकवायचे, झाडूवाल्या मावशी रोज ते परत जागेवर ठेवायच्या. असं पुष्कळ दिवस चाललं. शेवटी मावशींनी झाडालाच नेऊन पार्किंगमध्ये ठेवलं, आणि नानांना म्हणाल्या, आता बिलाच्या खिडकीकडं लक्ष द्या, माझं सोडा.

तिसऱ्या दिवशी नानांची फेरी असते. सुटल्यानंतर दोन-तीन दिवसांत घर ढिलं पडतं, पाहुणे पांगतात, पेशंटला बरं वाटायला लागतं, आणि तिथंच घोळ होतो, असं त्यांचं म्हणणं. मागच्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर म्हैसाळच्या एका निवृत्त गुरुजींकडं गेलो होतो. गुरुजी सोप्यात तक्क्याला टेकून पेपर वाचत होते, टवटवीत दिसत होते. नानांनी नमस्कार केला, तब्येतीचं काही विचारलं नाही, सरळ कोनाड्यातली पिशवी काढून गोळ्या मोजायला बसले.

"अँटिबायोटिकच्या पाच उरायला हव्यात. आठ आहेत."

"असतील," गुरुजी पेपरातून म्हणाले.

"तीन का घेतल्या नाहीत?"

"बरं वाटतंय मला. शिवाय ती फार कडू आहे हो."

"पोरं पावकी-निमकी कडू आहे म्हणायची, तेव्हा तुम्ही सोडत होता का त्यांना?"

गुरुजींनी पेपर खाली ठेवला. बोलणं चांगलंच तापणार असं दिसलं. नानांनी मधेच आरएमओला फोन लावला. राहिलेल्या एकदम घ्यायच्या नाहीत, आजपासून नेमानं चालू करा आणि उद्या दाखवायला आणा, असं उत्तर आलं. नाना फोन खिशात टाकून गुरुजींना म्हणाले, "हे असंच चाललं तर पुन्हा अॅडमिट व्हाल. मग तुमची ही सगळी मंडळी मिरजेत राहणार कुठं?"

"तुमच्याकडंच की, नाना," गुरुजींच्या मंडळी आतून म्हणाल्या. "मागच्या खेपेला काय सोय केली वहिनींनी! आमची धाकटी तर अजून आठवण काढते. पुढच्या वेळी तिच्या जावेलाही आणीन म्हणते."

नानांनी एक गोळी फोडून गुरुजींच्या तळहातावर ठेवली आणि तांब्या पुढं सरकवला.

"घ्या. आत्ता. माझ्यासमोर."